कामगाराची दिवाळी आणि बेकरीची भट्टी



इतिहासाच्या व्यासपीठावर नानकटाईसारखा विषय घेऊन उभे राहावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पेशव्यांच्या पंगतीत किती पक्वान्ने वाढली जात, याची टिपणे आपल्याकडे आहेत. पण गिरणी कामगाराच्या दहा बाय दहाच्या खोलीत दिवाळीचा डबा कसा भरला, त्याला पैसे कोठून आले, याची बखर कोणी लिहिली नाही. आमचे शिक्षण कॉलेजात झाले नाही. ते युनियनच्या कचेरीतील कपाटापुढे, जुने निवाडे आणि अहवाल चाळता चाळता झाले. त्या कागदांत साखर आणि गूळ वारंवार भेटतात. तेव्हा थोड्या पैशांत घरचे गोडधोड भाजून घेण्याची जी रीत मुंबईच्या चाळींतून आणि आपल्या गावोगावच्या पेठांतून रूढ झाली, तिची हकीगत आज सांगावी असे आम्ही ठरविले आहे. या हकीगतीचे धागे तीन आहेत : विस्तव, साखर आणि पगार.

प्रथम विस्तवाचे पाहू. आपल्या स्वयंपाकघरात तळणे आहे, उकडणे आहे, तव्यावर भाजणे आहे. परंतु चहूबाजूंनी आच देणारी भट्टी घरात नव्हती. कोकणातील बायका मात्र ही अडचण फार पूर्वीपासून युक्तीने सोडवीत आल्या आहेत. तवसे किसावे, त्यात तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालावे, जाड बुडाच्या भांड्यात ते मिश्रण ओतावे, खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे ठेवावेत, की धोंडस तयार होतो. यात अंडे नाही, मैदा नाही, विकतची साखर नाही. परसातले तवसे आणि घरचा गूळ यांवर भागणारा हा गरिबाचा केकच म्हणावा लागेल.

पण हीच बाई नवऱ्यामागे लालबाग-परळला आली, तेव्हा तिचे परसही गेले आणि निखारेही गेले. एका खोलीत एक शेगडी, पुढे एक स्टोव्ह, आणि रॉकेलसाठी रांग. अशा खोलीत झाकणावर निखारे रचणार कोठे? तिला उपाय सापडला तो कोपऱ्यावरच्या बेकरीत. मुंबईत पाव भाजणारे लोक गोव्याकडचे होते, इराणी होते, उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान होते. त्यांच्या विटांच्या घुमटी भट्टीचा एक गुण आहे. ती एकदा तापली म्हणजे लाकूड काढून घेतल्यावरही तासन्‌तास ऊब धरून ठेवते. पावाला कडक आच लागते. पावाचा घाणा निघून गेल्यावर जी उतरती आच उरते, ती पावाच्या कामाची नसते. नानकटाईला नेमकी तीच हवी. म्हणजे दोन घाण्यांमधली जी ऊब वाया जावयाची, तीवर शेकडो घरांची दिवाळी भाजून निघत असे. बेकरीवाला शेरामागे, पुढे किलोमागे, काही मजुरी घेई. सामान घरचे, भट्टी त्याची, असा हा व्यवहार होता. इंधनाची याहून मोठी काटकसर अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात आम्हांस आढळली नाही.

या व्यवहाराने आणखी एक काम केले. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाबिस्किटांवरून केवढा गहजब झाला, हे येथील श्रोत्यांना सांगावयास नको. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही त्यापायी प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. बेकरीचा माल म्हणजे बाटलेला माल, ही समजूत त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकून होती. जी आजी बेकरीचे बिस्कीट घरात येऊ देत नसे, तिला ‘पीठ आपले, तूप आपले, फक्त भट्टी त्यांची’ एवढी सवड पुरेशी झाली. सुधारकांच्या भाषणांनी जे हळूहळू झाले, ते पत्र्याच्या ट्रेने मुकाट्याने केले. हिंदू बाईने वळलेली नानकटाई मुसलमान कारागीर लांब दांड्याच्या फळीवरून भट्टीत सरकवी आणि ती लक्ष्मीपूजनाच्या ताटात जाऊन बसे.

खुद्द नानकटाईचे घराणेही असेच मिश्र आहे. ‘नान’ हा भाकरी-पावासाठी फारसी शब्द. उत्तरपदाविषयी विद्वानांत एकमत नाही. सुरतेस सतराव्या शतकापासून डच लोकांची वखार होती. डच मंडळी गेल्यावर त्यांची भट्टी एका पारशी कारागिराकडे आली आणि तेथे हा पदार्थ घडला, अशी कथा सुरतेत सांगतात. कथा कथेच्या जागी ठेवली, तरी एवढे खरे की सुरतेकडची नानकटाई मुंबईस आली आणि चाळीच्या संसारास मानवली.

का मानवली, ते जिन्नस मोजले म्हणजे कळते. एक किलो मैदा, अर्धा किलो पिठीसाखर, अर्धा किलो तूप किंवा वनस्पती. थोडा रवा किंवा बेसन, चिमूटभर सोडा, वेलदोडा नाही तर जायफळ. अंडे नको, दूध नको, लोणी नको. तूप आणि साखर हाताने पांढरी शुभ्र होईपर्यंत फेसावी लागतात. तेथे पैसा लागत नाही, मनगट लागते. या दोन किलो मालाच्या सुमारे 80 ते 90 नानकटाया होतात. चाळीच्या मजल्यावर दहा शेजारी धरले आणि प्रत्येकाच्या ताटात चार धाडल्या, तरी निदान निम्म्या घरात उरतात. आणि शेजारून आलेली दहा ताटे वेगळीच. चकली एकीची चांगली, करंजी दुसरीची चांगली; प्रत्येकीने सगळेच थोडे थोडे करण्यापेक्षा हा वाटप स्वस्त पडे. तळणाला कढईभर तेल लागते आणि त्यातले बरेच उरून खराब होते. नानकटाईत घातलेले तूप मात्र सगळे पोटात जाते. हा हिशेब चाळीतल्या बायकांना कोणी शिकविला नव्हता.

आता साखरेकडे वळू. आपल्या खेड्यांत गोड म्हणजे गूळ. पांढरी दाणेदार साखर परदेशांतून येई. मॉरिशसवरून आली म्हणून तिला ‘मोरस’ म्हणत, आणि पुढे जावा बेटाची साखर बाजारात भरली. 1932 साली सरकारने साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा केला आणि काही वर्षांतच देशी कारखाने झपाट्याने वाढले. साखर कामगाराच्या आटोक्यात येते न येते तोच महायुद्ध आले. 1943 साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले. 1947 च्या अखेरीस नियंत्रण उठले आणि 1949 साली साखरेवर ते पुन्हा आले. त्यानंतर कधी पूर्ण नियंत्रण, कधी अर्धे, अशी ओढाताण अनेक दशके चालली. कारखान्यांनी रेशनसाठी ठराविक साखर स्वस्तात देण्याचे बंधन 2013 साली उठले. आमच्या लहानपणी दिवाळीपूर्वी रेशनवर जादा साखर सुटल्याची बातमी चाळीत वाऱ्यासारखी पसरे, आणि कार्डे घेऊन पोरे रांगेत उभी राहत. ती साखर पाट्यावर किंवा जात्यावर दळून पिठी करणे हेही घरचेच काम होते.

तुपाची कथा अशीच. साजूक तूप कामगाराला कधीच परवडले नाही. 1937 साली डालडा बाजारात आला आणि नानकटाई गरिबाच्या घरी रुळली. त्या पिवळ्या डब्याने पुष्कळांची दिवाळी साजरी केली, हे खरे. आणि अशा वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट हृदयाला घातक ठरते, हेही आज सिद्ध झालेले आहे. 2022 सालापासून आपल्या देशात त्याचे प्रमाण 2 टक्क्यांवर आणण्याचा नियम झाला. स्वस्त मालाची किंमत गरीब माणूस कधी कधी दुसऱ्या वहीत भरतो, ती अशी.

तिसरा धागा पगाराचा, आणि आमच्या मते तोच मुख्य. 1921 साली मुंबईत लेबर ऑफिस स्थापन झाले आणि कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक निघू लागला. जुलै 1914 चा भाव 100 धरून तांदूळ, ज्वारी, बाजरी, डाळ यांचे भाव त्यात मोजले जात. त्या यादीत साखरही होती आणि गूळही होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात महागाई भत्ता आला आणि तो निर्देशांकाशी जोडला गेला. म्हणजे कामगाराच्या घरातले गोड हे सरकारच्या कागदावरसुद्धा चैनीत जमा नव्हते; ते पोटाच्या हिशेबात होते. तरीही वाटाघाटीच्या टेबलावर ‘सणासुदीचा खर्च कमी करा, म्हणजे भागेल’ हा उपदेश समोरच्या बाजूने आम्ही किती वेळा ऐकला, त्याची मोजदाद नाही.

दिवाळीचा बोनस हा याच भांडणाचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना अलोट नफा झाला, तेव्हा मालकांनी बोनस देण्यास आरंभ केला. 1923 साली तो बंद केल्याची नोटीस लागली. जानेवारी 1924 मध्ये मुंबईच्या सुमारे दीड लाख कामगारांनी काम थांबविले. सरन्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णय दिला की, बोनसवर कामगारांचा हक्क शाबीत होत नाही. मार्चमध्ये उपाशी पोटी संप मोडला. परंतु प्रश्न मोडला नाही. 1950 साली लेबर अपिलेट ट्रायब्यूनलने गिरण्यांच्याच दाव्यात बोनसचे सूत्र बांधून दिले आणि नफ्याच्या शिलकेत कामगाराचा वाटा मान्य केला. 1965 साली कायदा झाला. त्यात किमान बोनस 4 टक्के होता. पुढे तो 8.33 टक्के झाला. 8.33 हा आकडा ऐकावयास विचित्र वाटतो. पण तो वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणजे एका महिन्याचा पगार आहे. 1924 साली ज्याला मालकाची मेहेरबानी म्हटले गेले, ते पन्नास वर्षांत कायद्याचे देणे ठरले. बोनस हातात पडला, की वाण्याची उधारी फिटे, पोरांना कपडे होत आणि उरल्यासुरल्यातून मैदा-साखर घेऊन बाई बेकरीच्या रांगेत उभी राही.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो रीतसर मागे घेतल्याचे कोणी जाहीरही केले नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत बोनस कोठला? पण गिरणगावातल्या घरांत चूल पेटत राहिली, ती बायकांच्या हातांमुळे. या हातांची ताकद त्यापूर्वीच दिसून आली होती. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापडाचा धंदा सुरू केला, तोच पुढे लिज्जत म्हणून देशभर गेला. 1975 साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. संपानंतर कितीतरी घरांत फराळ हा आल्यागेल्यापुरता न राहता विक्रीचा झाला. जे श्रम इतकी वर्षे कोणत्याही पगारपत्रकात नव्हते, त्यांना प्रथमच भाव मिळाला. मात्र तो घर मोडल्यावर मिळाला, हे विसरता कामा नये.

येथे काटकसरीविषयी दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. काटकसर हा गुण आहे, आणि तो आमच्या आयाबहिणींइतका कोणाजवळ नाही. परंतु एका बाईने अर्ध्या किलो साखरेत दहा घरांची तोंडे गोड केली, याचा अर्थ तिला अर्धाच किलो पुरे, असा होत नाही. तिच्या हुशारीने जे वाचते ते तिच्या मुलांच्या ताटात पडावे. ‘यांचे भागते’ असे म्हणून त्याच काटकसरीवर पगार कापला जातो, तेव्हा तिचे मनगट मालकाच्या नफ्यात जमा होते. वेतनाच्या प्रत्येक भांडणात हा एक अलिखित मुद्दा असतो.

आणि हाच न्याय आपण स्वतःलाही लावला पाहिजे. 1950 साली लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, ही महाराष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट आहे. पण आपल्या पिठीसाखरेत बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून दर हंगामाला कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांचा घामही मिसळलेला आहे, आणि त्यांच्या पोरांची शाळा त्या हंगामात सुटते. तसाच भट्टीपुढे रात्र काढणारा बेकरी कामगार. आपली नानकटाई स्वस्त पडते, ती पुष्कळदा याच दोघांना कमी मिळते म्हणून.

आज बेकरीपुढच्या त्या रांगा आखूड झाल्या आहेत. घरोघर गॅस आला. कोणी कुकरची शिट्टी काढून तळाशी मिठाचा थर देऊन केक भाजतात, म्हणजे धोंडसाचीच युक्ती नव्या भांड्यात आली. 2025 च्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना धूर न करणाऱ्या इंधनाकडे वळण्यास सांगितले. धुराने शेजारच्या मुलांची छाती भरते, तेव्हा हा आदेश योग्यच आहे. मात्र नव्या भट्टीचा खर्च कोणाच्या माथी बसतो, लहान बेकरी आणि तिथला कारागीर त्यात टिकतो की नाही, हे पाहणे आपले काम आहे. धूर जावा, भट्टी राहावी.

आम्हांस एवढेच सांगावयाचे होते. येत्या दिवाळीत डब्याचे झाकण उघडाल, तेव्हा वरच्या नानकटाईचा भाव विचारताना ती ज्यांच्या हातांतून आली त्यांच्या मजुरीचाही भाव विचारा.