‘रक्तातच आहे’ म्हणजे काय?

सोयरीक जुळवताना एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, इथे राजूर-भोकरदनकडे आणि बाहेरही: ‘घराण्यात कुणी वेडसर नाही ना?’ मग घरातल्या माणसाचा बायपोलर आजार, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल उदासी, लपवला जातो. गोळ्याही चोरून घ्याव्या लागतात. या प्रश्नामागची समजूत कितपत खरी, ते आपण इतिहासात पाहू.

उन्माद आणि उदासी हा एकच आजार आहे, असं जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये मांडलं. तो घराण्यांत आढळतो, हेही त्यांनी नोंदवलं. पुढे १९३३ मध्ये नाझी राजवटीने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्या यादीत हा आजार होता. सुप्रजननाचा विचार आपल्याकडेही आला होता, ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये त्याची बाजू घेणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं.

मग जनुकाचा शोध सुरू झाला. अमेरिकेतल्या आमिश लोकांची कुटुंबं मोठी, वंशावळी चोख. १९८७ मध्ये त्यांच्या अभ्यासातून जाहीर झालं, की अकराव्या गुणसूत्रावर या आजाराचं जनुक असावं. दोनच वर्षांत हा निष्कर्ष कोसळला. वंशावळीत ज्यांना निरोगी धरलं होतं त्यांतले दोघं आजारी पडले, नवे नातलग तपासले गेले, आणि सगळं गणितच बदललं.

२०२५ च्या अभ्यासात दीड लाखाहून अधिक रुग्ण होते. त्यात जनुकसंचातल्या २९८ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा. त्या अभ्यासातले लोक मुख्यतः युरोपीय, पूर्व आशियाई, आफ्रिकन-अमेरिकन आणि लॅटिनो वंशांचे. आपल्याकडच्या कुटुंबांचा असा अभ्यास बंगळुरूच्या निम्हान्समध्ये चालतो.

म्हणजे आनुवंशिकता खोटी का? नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तिचा वाटा मोठा दिसतो. पण ‘कारण’ या शब्दाशी आपण जपून वागलं पाहिजे. आपले नैयायिक सांगत, घडा नुसत्या मातीने होत नाही. कुंभार लागतो, चाक लागतं, दांडा लागतो. जनुकं ही माती धरा. आई किंवा वडिलांना हा आजार असला, तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक. इतरांपेक्षा जास्त खरी, पण दहातली नऊ मुलं त्यातून सुटतात.

तेव्हा सोयरिकीत विचारायचंच असेल, तर ‘उपचार नीट चालू आहेत ना?’ असं विचारावं. या प्रश्नाचं उत्तर देताना कुणाला काही लपवावं लागणार नाही.