मेंदूत गाठ असलेल्या मुलाला फिट आली तर

गाठीमुळे शेजारच्या पेशी चिडतात, तिथून अनियंत्रित विद्युत लहरी उठतात आणि मुलाला फिट म्हणजेच आकडी येते. दर वेळी सगळे अंग झटके देतेच असे नाही. टक लावून बघणे, ओठ चाटत राहणे, एकाच हाताला झटके येणे, हीसुद्धा फिट असू शकते. जमल्यास व्हिडिओ काढा. डॉक्टरांना त्यातून बरेच कळते.

मुलाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा आणि घड्याळ बघा. आपल्याकडे अजूनही कांदा, चप्पल हुंगवतात. त्यात फक्त वेळ जातो. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, लगेच दुसरी आली किंवा मूल शुद्धीवर येईना, तर १०८ ला फोन करा. जालन्याच्या खेड्यांतून दवाखाना गाठायला वेळ लागतो, म्हणून मिडाझोलामचा नाकातला स्प्रे घरी ठेवण्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

फिटच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. मुंबईची किंवा छत्रपती संभाजीनगरची पुढची तारीख लांब असेल, तर आठवडाभर आधीच गोळ्या आणून ठेवा. दुकानदाराने दिलेली वेगळी गोळी विचारल्याशिवाय नको: फेनिटोइन, कार्बामाझेपिन यांमुळे केमोच्या काही औषधांचा परिणाम कमी होतो. म्हणून पुष्कळदा लेव्हेटिरासिटाम देतात. त्याने मूल चिडचिडे झाले तर रागावू नका, डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येते.