वाडेकर, अजित लक्ष्मण
(१ एप्रिल १९४१–१५ ऑगस्ट २०१८). भारतीय क्रिकेटपटू, कर्णधार आणि पुढे संघाचे व्यवस्थापक. जन्म व मृत्यू मुंबईत. डावखुरे फलंदाज, स्लिपमधले भरवशाचे क्षेत्ररक्षक. ३७ कसोटींत २,११३ धावा; एकमेव शतक (१४३) वेलिंग्टनला, १९६८ मध्ये.

१९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंडमध्ये प्रथमच मालिका जिंकल्या. वेस्ट इंडीजमधील किंग्स्टन कसोटीचा पहिला दिवस पावसात गेल्याने सामना चार दिवसांचा झाला आणि फॉलोऑनची अट २०० वरून १५० धावांवर आली. भारताची आघाडी १७० होती. नियम ठाऊक असलेल्या वाडेकरांनी थेट प्रतिस्पर्धी कर्णधार सोबर्सना गाठून पुन्हा फलंदाजीस यायला सांगितले. इंग्लंडमधील ओव्हल कसोटीत अखेरच्या सकाळी धावबाद झाल्यावर मात्र ते ड्रेसिंगरूममध्ये चक्क झोपले. विजयाची बातमी द्यायला त्यांना उठवावे लागले. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ०–३ अशी हार झाली आणि कारकीर्द आटोपली.

स्टेट बँकेतल्या नोकरीनंतर नव्वदच्या दशकात ते संघाचे व्यवस्थापक झाले. प्रशिक्षकाचे कामही त्यांच्याकडेच होते. कर्णधार अझरुद्दीन. १९९३ मध्ये कुंबळे, राजू व चौहान या फिरकी त्रिकुटाच्या बळावर घरी इंग्लंडला ३–० हरवले. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडच्या एकदिवसीय सामन्यात सलामीवीर सिद्धूची मान आखडली, तेव्हा वाडेकर व अझरुद्दीन यांनी तेंडुलकरला सलामीला पाठवले: ४९ चेंडूंत ८२! १९९६ च्या विश्वचषकात ईडन गार्डन्सवर उपांत्य फेरीत श्रीलंकेकडून पराभव झाला. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षही होते. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री (१९७२).