गेटर-सेटर: टायपिंग वाचलं, पुढे काय?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वीस फील्डच्या क्लाससाठी हाताने चाळीस मेथड लिहिल्या. कॉपी-पेस्टच्या नादात एक सेटर फोन नंबर पत्त्यात टाकत होता. दोन्ही स्ट्रिंगच, त्यामुळे कंपायलर गप्प. चूक सापडायला दोन दिवस गेले!

ही हमाली आली कुठून? १९९० च्या दशकात जावाबीन्सने संकेत घालून दिला: फील्ड प्रायव्हेट ठेवा, मेथडच्या नावाआधी 'गेट' किंवा 'सेट' लावा. त्यावरून टूल्सना प्रॉपर्टी ओळखता यायची. पण लिहायचं कोणी? आपणच! गंमत म्हणजे कॉमन लिस्पचं 'डेफस्ट्रक्ट' १९८४ मध्येच असली फंक्शन्स आपोआप बनवायचं.

मग एक्लिप्ससारखे एडिटर हा कोड लिहून देऊ लागले. २००७ मध्ये सी शार्प ३ ने भाषेतच सोय केली. जावात लॉम्बॉक आलं: एक अ‍ॅनोटेशन लावा, कंपाइल होतानाच मेथड तयार.

पण फुकट मिळतात म्हणून सगळीकडे सेटर लावले, तर 'प्रायव्हेट' नावापुरतंच उरतं. २०२१ मध्ये जावा १६ मध्ये रेकॉर्ड पक्के झाले. त्यात वाचायच्या मेथड आपोआप मिळतात, सेटर मात्र नाहीतच!

तेव्हा जनरेट दाबण्याआधी एवढंच विचारा: ही व्हॅल्यू बाहेरून बदलायची गरज खरंच कोणाला आहे?