मूळ प्रत, टीप आणि प्रक्षेप

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, पैठणच्या एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांच्या हस्तांतरात त्या ग्रंथात लेखकूंच्या चुका शिरल्या होत्या, आणि काही उत्साही मंडळींनी आपल्या पदरच्या ओव्याही त्यात घुसडल्या होत्या. नाथांनी हे सारे निवडून वेगळे केले आणि यापुढे कोणी भर घालू नये, अशी स्पष्ट ताकीद देऊन ठेवली. घुसडलेली एखादी ओवी सुरेखही असेल. पण ती ज्ञानदेवांची नव्हे, हाच तिचा दोष. अशा भरीला आपले पंडित ‘प्रक्षेप’ म्हणतात.

फराळाच्या ताटाशेजारी हा ग्रंथशुद्धीचा विषय कशाला, असे वाचक विचारतील. कारण असे की, नेमका हाच वाद जुन्या मोटारींच्या जगात आज कित्येक वर्षे धुमसतो आहे. एक पक्ष म्हणतो, मोटार कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच ठेवा. तिचा एक खिळाही बदलू नका. दुसरा म्हणतो, मोटार ही चालवण्यासाठी आहे. तिचे रूप न बिघडवता तिला चांगले ब्रेक आणि हलके सुकाणू दिले तर बिघडले कुठे? मी कोणत्याही जुन्या मोटारीचा मालक नाही. मी केवळ इतिहासाचा वाचक. परंतु या भांडणात मला इतिहासाचाच प्रश्न दिसतो, म्हणून हा लेखप्रपंच.

वाद सर्वांत कडाक्याचा होतो तो एका विशिष्ट जातीच्या मोटारीवरून. घरच्या माणसांना ऐसपैस बसता यावे अशी बंद टपाची गाडी, पण पोटात एंजिन मात्र शर्यतीच्या कुळातले. हिला ‘स्पोर्ट्‌स सेडान’ म्हणतात. सकाळी मुलांना शाळेत पोचवावे आणि रविवारी शर्यतीत उतरावे, असा तिचा दुहेरी संसार. या जातीतला नमुना म्हणून मी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात जन्मलेली जग्वार मार्क टू घेतो. ती १९५९ साली बाजारात आली आणि १९६७ पर्यंत तिच्या ८० हजारांहून अधिक गाड्या बनल्या.

तिचे घराणे मोठे मौजेचे आहे. या कंपनीचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी १९२२ साली ब्लॅकपूल येथे भागीदारीत धंदा सुरू केला, तो मोटारींचा नव्हेच. मोटारसायकलींना जोडायच्या बाजूगाड्यांचा! पुढे १९२७ मध्ये त्यांनी ऑस्टिन सेव्हन ही सर्वसामान्यांची साधीसुधी छोटी मोटार घेतली आणि तिच्यावर आपल्या डौलदार बनावटीची दुरंगी काया चढवली. म्हणजे आज जिच्यातला एक स्क्रू बदलला तरी भाविकांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्या जग्वारची वंशावळ दुसऱ्याच्या मोटारीत फेरफार करण्यापासून सुरू होते. ‘मूळ’ या शब्दाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे मूळही ध्यानात ठेवावे.

तिचे एंजिन मात्र अस्सल स्वतःचे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यावर बॉम्ब पडून आग लागू नये म्हणून रात्री आळीपाळीने पहारा असे. त्या पहाऱ्याच्या रात्री लायन्स आणि त्यांचे यंत्रविशारद विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन व क्लॉड बेली यांनी युद्धानंतरच्या एंजिनाचा खल केला, असे सांगतात. त्यातून सहा सिलिंडरांचे एक्सके एंजिन जन्मले आणि १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात लोकांपुढे आले. याच जातीच्या एंजिनाने १९५१ ते १९५७ या काळात फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. तेच एंजिन ३.८ लिटरचे करून चार दारी कौटुंबिक गाडीत बसवले, तेव्हा ती ताशी १२५ मैल, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर धावू लागली. चारही चाकांना चकतीचे ब्रेक, आत अक्रोडाच्या लाकडाचा फळा आणि कातड्याची आसने! १९६० ते १९६३ अशी लागोपाठ चार वर्षे फ्रान्सच्या ‘तूर द फ्रान्स’ या मोटारशर्यतीत बेर्नार कोन्स्तेन यांनी हीच गाडी हाकून सेडान गाड्यांचा मान पटकावला.

पण ही गाडी निर्दोष होती असे समजू नका. गिअरपेटी जुन्या वळणाची. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे दात खडखडू न देता गिअर टाकणे ही एक विद्याच होती. ही उणीव खुद्द कारखान्याने १९६५ साली नवी गिअरपेटी देऊन दूर केली. सुकाणू गोल गोल फिरवून हात दुखून येत. सुरक्षेचे पट्टे सगळ्या गाड्यांना नव्हते. आणि वेग तर असा, की जपून वापरावा. तिच्या आधीच्या ३.४ लिटरच्या भावंडात बसून जात असताना, १९५८ चा जगज्जेता शर्यतपटू माइक हॉथॉर्न २२ जानेवारी १९५९ रोजी गिल्डफर्डजवळच्या ओल्या रस्त्यावर अपघातात मरण पावला. तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता. त्या अपघाताची कारणमीमांसा मी येथे उकरून काढत नाही. पण ब्रेक, टायर आणि पट्टे यांच्याबद्दल ‘मूळचेच बरे’ असे बोलण्यापूर्वी माणसाने जरा थांबावे, एवढे ती घटना सांगते.

त्याच गिल्डफर्ड गावात जॉन कूम्ब्‌स नावाचे जग्वारचे विक्रेते होते. त्यांचा स्वतःचा शर्यतीचा चमू होता. ग्रॅहम हिलसारखा पुढे जगज्जेता झालेला शर्यतपटू त्यांची मार्क टू हाकत असे. शर्यतीत जे शिकले ते त्यांनी हौशी गिऱ्हाइकांच्या गाड्यांत उतरवले. एंजिन अधिक काटेकोर जुळवले, सुकाणू चपळ केले, एंजिनावरच्या झाकणाला उष्णता बाहेर पडण्यासाठी झरोके पाडले. अशा गाड्या मूठभरच झाल्या. आज गंमत अशी की, ‘कूम्ब्‌स’ गाडी ही साध्या मार्क टूपेक्षा अधिक मोलाची समजली जाते! साठ वर्षांपूर्वीचा फेरफार आज स्वतःच ‘मूळ’ होऊन बसला आहे. एवढेच नव्हे, तर झाकणाला झरोके पाडून साध्या गाडीची ‘कूम्ब्‌स’ म्हणून बतावणी करणारेही निघाले. म्हणजे फेरफाराचीही नक्कल, आणि नकलेचाही बाजार.

असाच किस्सा जर्मनीतला. म्युनिकच्या बीएमडब्ल्यू कंपनीची १६०० ही दोन दारांची छोटी गाडी होती. अलेक्स फॉन फाल्केनहाउझेन आणि हेल्मुट वेर्नर ब्योन्श या कंपनीच्याच दोन अधिकाऱ्यांनी, एकमेकांना पत्ता न लागू देता, आपापल्या गाडीत दोन लिटरचे एंजिन बसवून घेतले. दोघांच्या गाड्या कारखान्यात समोरासमोर आल्या तेव्हा हे बिंग फुटले. दोघांनी मिळून संचालकांकडे तोच प्रस्ताव नेला, आणि १९६८ साली २००२ ही प्रसिद्ध मोटार बाहेर पडली. आज लोक तिला ‘अगदी मूळ स्थितीत’ ठेवण्यासाठी जिवाचे रान करतात!

मग फेरफारवाल्यांचा पक्ष जिंकला म्हणायचा का? नाही. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जिला कधी कोणी हात लावला नाही अशी जुनी मोटार हे अस्सल कागदपत्र असते. कारखान्यातल्या रंगाचा पहिला थर, शिलाईचा टाका, पत्र्याच्या आतल्या बाजूला कामगाराने खडूने केलेली खूण, यांतून त्या काळची कारागिरी, कंजुषी आणि घाई सारे वाचता येते. चकचकीत नवा रंग चढवला की गाडी सुंदर होते, आणि मुकी होते. बखर कितीही रसाळ असली तरी इतिहासकार आधी अस्सल पत्र मागतो, ते उगीच नव्हे. पुन्हा, असे अस्सल कागद दरवर्षी कमीच होत जातात. वाढण्याचा प्रश्नच नाही.

पण ‘अस्सल’ म्हणजे नेमके काय? हा प्रश्न १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला. गाडी मार्क टूच्या जातीची नव्हे, शर्यतीची बेंटली होती. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ती १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल मांला पहिली आली होती. पुढे शर्यतींच्या धबडग्यात तिचे एंजिन, सांगाडा, काया, सारे बदलत गेले. सुमारे एक कोटी पौंडांचा सौदा ठरला, आणि घेणाऱ्याने हात आखडला: यात १९२९ ची गाडी उरलीच कुठे? न्यायमूर्ती ऑटन यांनी निवाडा दिला तो विचार करण्याजोगा आहे. जुने भाग जवळजवळ उरले नाहीत, हे त्यांनी मान्य केले. तथापि तिची वाटचाल कुठेही तुटलेली नाही, ती कधी मोडीत निघाली नाही, दुसरी कोणतीही गाडी त्या नावावर हक्क सांगत नाही. म्हणून ‘ओल्ड नंबर वन’ ती हीच. अस्सलपणा लोखंडात असतो तसा अखंड इतिहासातही असतो, असा याचा अर्थ.

पुढे २०१२ साली जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने तुरीनची सनद मान्य केली. प्राचीन वास्तूंसाठी १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद झाली, तिच्याच धर्तीवर ही. तिचे सार मोठे समंजस आहे: बदल करावाच लागला तर कमीत कमी करा, तो पुन्हा उलटवता येईल असा करा, आणि काढलेला मूळ भाग गाडीबरोबरच जपून ठेवा.

आपल्याकडे हा वाद आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपलीकडच्या खाजगी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या नोंदणीची सोय केली. पण अट अशी की, गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, काया व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. माझ्या एका पुणेकर स्नेह्यांच्या घरी वडिलांची १९६२ सालची फियाट ११०० आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. ती काही स्पोर्ट्‌स सेडान नव्हे. पण भांडण तेच. थोरले बंधू म्हणतात, “दादांनी ठेवली तशीच राहील.” धाकटे म्हणतात, “अरे, नव्या एंजिनावर आईला एकदा तरी नीट महाबळेश्वरला नेता येईल!” दोघांचेही प्रेम वडिलांवरच, एकाचे त्यांच्या वस्तूवर, दुसऱ्याचे त्यांच्या सहलींवर. मी त्यांना एवढेच सांगितले की, एंजिन बदलाल तर ‘व्हीए’ला मुकाल; पट्टे, टायर, आणि आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणाऱ्या रबरी नळ्या, हे मात्र आजच बदला.

२०१४ साली जग्वार कंपनीचे तेव्हाचे आरेखनप्रमुख इयन कॅलम यांनी स्वतःसाठी एक मार्क टू नव्याने घडवून घेतली. अधिक मोठे केलेले एक्सके एंजिन, पाच गतींची गिअरपेटी, मागच्या चाकांना स्वतंत्र आधार. भाविकांनी नाके मुरडली, पण त्यात लबाडी कुठेच नव्हती. ती गाडी ‘कॅलम मार्क टू’ म्हणूनच ओळखली जाते. येथे मला पुन्हा नाथ आठवतात. दुसऱ्याच्या ग्रंथात ओवी घालू नका म्हणणाऱ्या त्या महापुरुषाने स्वतः हजारो ओव्या लिहिल्या. पण त्या भागवतावरच्या वेगळ्या ग्रंथात, आपल्या नावावर. नवे लिहायला त्यांची मनाई नव्हती. चोरून मिसळायला होती.

माझा निवाडा एवढाच. ज्या मोटारीला आजवर कोणी हात लावला नाही, तिला आपणही लावू नये; तिच्यासारखी दुसरी मिळणार नाही. जी आधीच चार हातांतून गेली आहे, तिच्यात आपल्या सोयीपुरता बदल खुशाल करावा. पण मूळचा भाग फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावा, आणि एका वहीत तारीख घालून लिहून ठेवावे: अमुक काढले, अमुक घातले, कारण अमुक. समासात लिहिली की ती टीप होते. न सांगता ओळीत घुसवली की प्रक्षेप. ती वही पुढच्या पिढीच्या हाती पडली, म्हणजे मूळ काय होते हेही तिला कळेल, आणि आपल्या घरच्या माणसांनी त्या गाडीवर प्रेम कसे केले हेही.