'फक्त स्प्रिंट?' : ट्रायथलॉनच्या पहिल्या संध्याकाळची गोष्ट

आजच्या एपिसोडची सुरुवात एका कबुलीने करतो.

मागच्या वर्षी मी एक ट्रायथलॉन पूर्ण केली. मेडल गळ्यात घालून फोटो काढला आणि इन्स्टावर स्टोरी टाकण्याआधी तो खालून जरासा क्रॉप केला. मेडलच्या खालच्या कडेला 'स्प्रिंट' असं लिहिलं होतं. तेवढंच कापलं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये घड्याळ थांबत नाही. स्प्रिंटमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं. आणि ज्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं त्या आयर्नमॅनमध्ये पोहणं जवळपास ३.८ किलोमीटर, सायकल १८०, आणि वर एक पूर्ण मॅरेथॉन. त्यामुळे ऑफिसात सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "अच्छा, स्प्रिंट का? मग फुलवाली कधी?" विचारणारा स्वतः दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जातो, पण ते असो. प्रश्न मला लागायचा, कारण मलाही तसंच वाटत होतं. खरी ट्रायथलॉन ती मोठी, आणि आपण केली ती तिची फ्री ट्रायल.

आमच्या धंद्यात एखादा कोड असा का लिहिलाय हे कळलं नाही की हिस्ट्रीत मागे मागे जात पहिल्या कमिटपर्यंत पोचायचं असतं. तेच केलं. आणि पहिला कमिट निघाला सॅन दिएगोचा.

तारीख २५ सप्टेंबर १९७४, वार बुधवार. रविवार नाही, सुट्टी नाही, आठवड्याच्या मधली एक संध्याकाळ. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरात मिशन बे नावाची खाडी आहे. दलदल उपसून, गाळ काढून माणसांनी तयार केलेली. त्यात फिएस्टा आयलंड नावाचं रेताड बेट आहे, आणि तिथे जायला पाण्यातून भराव टाकून केलेला रस्ता. त्या रस्त्याच्या तोंडाशी पावणेसहा वाजता रेस सुरू होणार होती. म्हणजे लोक कामावरून सुटून येणार, पळणार, पोहणार, घरी जाऊन जेवणार आणि गुरुवारी परत कामावर.

रेस भरवणारे दोघं जण होते, जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन. दोघंही सॅन दिएगो ट्रॅक क्लबचे. अमेरिकेत तेव्हा जॉगिंगचं वेड पसरत होतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर या अमेरिकन माणसाने मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं होतं आणि साधीसुधी नोकरदार माणसं बूट घालून रस्त्यावर उतरली होती. जॉनस्टोन कॉलेजात पोहायचा, पळण्याकडे तो नंतर आला. सॅन दिएगोतच डेव्हिड पेन नावाच्या गृहस्थांच्या वाढदिवसानिमित्त पळणं आणि पोहणं अशी जोडस्पर्धा व्हायची. त्यात जॉनस्टोनला मजा आली आणि आपणही असं काहीतरी करू, पण जरा पोहणं जास्त असलेलं, असं त्याच्या डोक्यात आलं. क्लबमध्ये विचारलं तर कळलं की शॅनहनच्याही मनात असलंच काहीतरी आहे, फक्त त्याला सायकल पण हवी आहे. जॉनस्टोनला स्वतःला सायकलचा फार उत्साह नव्हता, पण तो हो म्हणाला. एका खेळाचा जन्म असा झाला, "बरं, चल, तेही घेऊ" म्हणत.

क्लबच्या वार्तापत्रात छोटीशी सूचना छापली. प्रवेश फी एक डॉलर. प्रत्येकाने आपापली सायकल आणायची. पहिल्या पाचांना बक्षीस. एकही रेस झालेली नसताना तिला 'पहिली वार्षिक' म्हणून टाकलं होतं, हा आत्मविश्वास मला फार आवडला. (आमच्या सोसायटीतल्या 'प्रथम वार्षिक' क्रिकेट स्पर्धा आठवल्या.) ट्रॉफ्या करायला दिल्या तर ट्रॉफीवाल्याने विचारलं, या शब्दाचं स्पेलिंग काय? डिक्शनरीत तो सापडत नव्हता.

खरं तर तीन खेळांची अशी रेस त्याआधी फ्रान्समध्ये होऊन गेली होती. १९२० च्या दशकात पॅरिसजवळ मार्न नदीच्या काठी पळणं, सायकल आणि नदी पोहून पार करणं अशा शर्यती व्हायच्या. पण सॅन दिएगोच्या या दोघांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या दृष्टीने ही त्यांची स्वतःची कल्पना होती.

आता अंतरं ऐका, कारण माझं सगळं प्रकरण इथेच आहे. पळणं एकूण ६ मैल, म्हणजे साधारण साडेनऊ किलोमीटर, तेही तुकड्यातुकड्यांत, त्यातले दोनेक मैल गवतावरून आणि वाळूतून अनवाणी. सायकल ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर. पोहणं ५०० यार्ड, म्हणजे साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि एका दमात जास्तीत जास्त २५० यार्ड. जगातल्या पहिल्या 'ट्रायथलॉन'मधलं पोहणं माझ्या 'फक्त स्प्रिंट'पेक्षा कमी होतं! सायकल तर निम्म्याहून कमी. बिल फिलिप्स जिंकला, आणि त्याला एक तासही लागला नाही.

४६ जणांनी रेस पूर्ण केली. गंमत म्हणजे तेव्हा क्रम आजच्यासारखा नव्हता. आधी पळणं, मग सायकल, आणि पोहणं शेवटच्या भागात, पळण्याच्या तुकड्यांमध्ये अधूनमधून. त्यामुळे सगळे दमल्यावर पाण्यात शिरले. आयोजकांचा हिशेबही थोडा चुकला. मागचे लोक पाण्यात असतानाच अंधार पडला. शेवटी काही गाड्या पाण्याकडे तोंड करून लावल्या, हेडलाइट सुरू केले, आणि त्या उजेडात शेवटची माणसं बाहेर आली.

हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवला. कारण मला माझं पोहणं आठवलं.

मी पोहायला शिकलो सव्विसाव्या वर्षी. टँकमध्ये, खाली निळ्या फरशा आणि लेनची काळी रेघ बघत. रेस मात्र तलावात होती. सकाळी साडेसहाला पाण्यात उतरलो, तोंड खाली घातलं, आणि खाली काहीच नाही. फक्त हिरवट काळोख. शंभरेक मीटर गेलो असेन, कोणाचा तरी पाय गॉगलवर बसला, पाणी तोंडात गेलं, आणि श्वासच लागेना. वर बघितलं तर पहिला केशरी फुगा अजून कुठच्या कुठे. मी अक्षरशः ओरडलो. कयाकवरचा पोरगा शांतपणे आला आणि म्हणाला, "दादा, धरा इथे. घाई नाही. दम खा." कयाक धरून थांबायला परवानगी असते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. मी मिनिटभर तसाच लटकलो. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या एक काकू छातीपोहणीने शेजारून निघून गेल्या, जाता जाता म्हणाल्या, "चला, चला." मग मीही निघालो. फ्रीस्टाइल विसरून गेलो, त्यांच्यासारखाच छातीपोहणीने. पाण्यातून बाहेर आलो तेव्हा स्टँडवर मोजक्याच सायकली उरल्या होत्या. माझी सायकल मावसभावाची उसनी आणलेली होती, त्यामुळे शोधायला त्रास झाला नाही. मडगार्डवाली तेवढी एकच होती.

सायकलचे २० किलोमीटर बरे गेले. त्यानंतर पळायला उतरलो की पाय कोणाचे तरी दुसऱ्याचेच वाटतात, हे ऐकलं होतं, ते खरं आहे. पहिला किलोमीटर मी पळत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. असो. माझं दुखणं पाय नव्हतेच. कयाकला लटकलेलं ते एक मिनिट होतं. मेडल घेतानाही वाटत होतं की एवढ्या छोट्या रेसमध्ये सुद्धा आपण लटकलो, तर आपण याला पात्र आहोत का?

आता परत ४६ जणांकडे. त्या यादीत ३५ व्या नंबरवर एक नाव आहे, जॉन कॉलिन्स. अमेरिकन नौदलातला अधिकारी. त्याची बायको ज्युडीही त्या संध्याकाळी धावली होती. ४६ पैकी ३५ वा म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर 'पास झाला'. पुढे कॉलिन्सची बदली हवाईला झाली. तिथे एका रेसनंतरच्या बक्षीस समारंभात वाद रंगला की सगळ्यात फिट कोण, पळणारे की पोहणारे? कॉलिन्स म्हणाला, सायकलवाले असतील. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याच्या फिटनेसबद्दल त्याने कुठेतरी वाचलं होतं. मग त्यानेच तोडगा सुचवला. ओआहू बेटावर तीन रेस आधीपासून होत्याच. वायकीकीची समुद्रातली पोहण्याची, बेटाला सायकलने फेरी मारायची, आणि होनोलुलू मॅरेथॉन. तिन्ही एकापाठोपाठ एक, एकाच दिवशी करू.

१८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उभे राहिले, १२ जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॅलर सुमारे पावणेबारा तासांत जिंकला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली, ही गोष्ट आजही सांगितली जाते. कॉलिन्सला स्वतःला १७ तास लागले. ट्रॉफ्या त्याने हातानेच बनवल्या होत्या.

म्हणजे वंशावळ बघा. आधी छोटी रेस आली. मग त्या छोट्या रेसमध्ये ३५ वा आलेल्या माणसाने पैजेच्या भरात मोठी काढली. स्प्रिंट ही आयर्नमॅनची बारीक आवृत्ती नाही. आयर्नमॅन हीच बुधवारच्या त्या संध्याकाळची फुगवलेली आवृत्ती आहे.

मग आपल्या डोक्यात उलटं कसं बसलं? माझं मत विचाराल तर टीव्हीमुळे. १९७९ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'चा एक पत्रकार गोल्फसाठी हवाईला गेला असताना या वेड्यांवर मोठा लेख लिहून आला. मग एबीसी चॅनेल कॅमेरे घेऊन आलं. आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस. कॉलेजच्या प्रबंधासाठी म्हणून रेसमध्ये उतरलेली मुलगी, शेवटपर्यंत पुढे होती. अंतिम रेषेच्या जवळ तिचे पाय गेले. पडली, उठली, पुन्हा पडली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून जिंकली, आणि ज्युली रांगत २९ सेकंदांनी पोचली. ते दृश्य लाखो घरांत दिसलं. मी ते यूट्यूबवर पाहिलंय, अंगावर काटा येतो. पण त्या दिवसापासून ट्रायथलॉन म्हटलं की रांगणारी माणसंच डोळ्यांसमोर येऊ लागली. ऑफिस सुटल्यावर एक डॉलर देऊन पळणारे ४६ जण कॅमेऱ्यात कधी आलेच नव्हते.

गंमत अशी की खेळ म्हणून तो पुढे गेला तेव्हा परत छोट्या अंतरांकडेच गेला. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली, २००० मध्ये सिडनीत ट्रायथलॉन ऑलिंपिकला आली, ती १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल आणि १० पळणं अशा अंतराची. त्याच्या बरोबर अर्धी म्हणजे स्प्रिंट. आणि टोकियोत जी मिक्स्ड रिले आली, त्यात एकेका खेळाडूच्या वाट्याला ३०० मीटर पोहणं, ७ किलोमीटरच्या आत सायकल आणि २ किलोमीटर पळणं. विसेक मिनिटांचं काम. ते बघताना कोणी 'फक्त' म्हणत नाही, कारण ते ज्या वेगाने जातात त्या वेगाने आपण स्कूटरवर जातो.

आपल्याकडेही गोव्यात २०१९ पासून मिरामारच्या किनाऱ्यावर हाफ आयर्नमॅन होते, त्यामुळे सगळ्यांना तीच आधी माहीत असते. मलाही तीच माहीत होती. तिथे जायचं का? बघू. आधी टँकबाहेरच्या पाण्यात पन्नास मीटर न ओरडता जाता यायला हवं.

आमच्या रेसच्या निकालाची पीडीएफ दोन दिवसांनी आली. मी ११८ जणांत ९७ वा. त्या काकू माझ्या चार मिनिटं आधी. क्रॉप केलेली स्टोरी चोवीस तासांनी गेली आणि मूळ फोटो अजून गॅलरीत आहे, खालच्या कडेसकट. आजच्या एपिसोडच्या कव्हरला तोच लावलाय.

भेटू पुढच्या आठवड्यात.