वऱ्हाडची माती आणि कंपन्यांची भागीदारी

कंपनी हा शब्द वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या कानावर काल-परवा पडला, अशी कोणाची समजूत असेल तर त्याने खामगावच्या कापूस बाजाराची जुनी हकीकत पाहावी. १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. त्या रुळांच्या मागोमाग राली ब्रदर्स आली, स्वित्झर्लंडातील विंटरथूरची व्होल्कार्ट ब्रदर्स आली, त्यांचे दलाल आले, वाफेवर चालणारे रेचे आले आणि गठाणी दाबण्याचे प्रेस आले.

आज पुन्हा कंपन्या येत आहेत, आणि या वेळी त्या कापसाबरोबर मातीचीही चौकशी करतात. मातीत सेंद्रिय कर्ब किती आहे, गांडुळे आहेत का, पऱ्हाटी जाळता की कुजवता, असे प्रश्न त्यांची माणसे धुऱ्यावर उभी राहून विचारतात. ‘पुनरुज्जीवक शेती’ असे या प्रकाराचे जड नाव आहे. थकलेल्या मातीला पुन्हा जीव आणणारी शेती, एवढाच त्याचा अर्थ. हे काम चांगले आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आम्ही तीस वर्षे जिनिंगमधल्या आणि शेतातल्या मजुरांत वावरलो. विद्यापीठाची पायरी चढलो नाही. तेव्हा शास्त्राच्या बाजूने फार बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु भागीदारी म्हटली की कागद आला, आणि कागदावर कोणाचे नाव आहे व कोणाचे नाही हे पाहण्याची सवय आम्हांला धंद्यानेच लागली आहे.

प्रथम माती थकली कशी ते पाहू. कंपन्यांनी कापूस विलायतेला नेला म्हणून माती नागवली, असे भाषणांतून सांगण्यात येते. ते अर्धेच खरे आहे. रुई हा पदार्थ झाड बहुतेक हवेतून आणि पाण्यातून तयार करते. रुईच्या गठाणीबरोबर मातीचे सत्त्व फारसे जात नाही. ते असते सरकीत, पाल्यात आणि पऱ्हाटीत. पूर्वी गावातल्या घराघरांत चरकीवर सरकी वेगळी होई. ती सरकी बैल खात, बैलांचे शेण उकिरड्यावर जाई आणि उकिरडा वखराच्या आधी शेतात जाई. वाफेचे रेचे शहरात उभे राहिले तेव्हा कापूस सरकीसकट गाडीत बसून शहरात गेला आणि सरकी तिथेच राहिली. जंगल तुटत गेले तसे शेण गोवऱ्या होऊन चुलीत गेले, पऱ्हाटीही चुलीत गेली. म्हणजे चोरी कोणी एकाने केली नाही. चक्राचा एक आरा निखळला आणि तो परत बसवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

त्या काळी बाजाराचा कारभार कोणाच्या हाती होता, हेही पाहण्यासारखे आहे. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. शेतमालाच्या बाजाराला नियम लावणारा हा देशातला पहिला कायदा म्हणून त्याचे नाव निघते, आणि तो अभिमान वऱ्हाडाने जरूर बाळगावा. मात्र त्या कायद्याप्रमाणे जी पाच जणांची समिती होई तिच्यात तिघे कापसाचे व्यापारी व दोघे नगरपालिकेचे. कापूस पिकवणाऱ्याला शेतकरी म्हणून एकही जागा नव्हती. वेचणाऱ्या बाईचा तर प्रश्नच कोणाच्या डोक्यात आला नाही.

आता एक उजळ पान. कापसाच्या धंद्यातूनच मातीच्या भल्याचे एक मोठे काम आपल्या शेजारी इंदूरला झाले, आणि आजची सारी पुनरुज्जीवक शेती त्या कामाची ऋणी आहे. १९२३ साली कापसाच्या गठाणीवर उपकर बसवण्याचा कायदा झाला. गठाणीमागे काही आणे, एवढाच तो कर. त्यातून मध्यवर्ती कापूस समितीचे काम चाले. या समितीच्या आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांच्या पैशावर १९२४ साली इंदूरला वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड. त्यांचे सहकारी यशवंत वाड. या दोघांनी मिळून १९३१ साली शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्यावर पुस्तक लिहिले, आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली.

पद्धत पाहिली तर अगदी घरगुती. जनावरांच्या पायाखाली पालापाचोळा अंथरायचा, मुताने भिजलेली माती, शेण आणि राख यांचे थर खड्ड्यात द्यायचे, ओल सांभाळायची आणि ठरल्या वेळी तीनदा खालीवर करायचे. तीन महिन्यांत खत तयार. पऱ्हाटी टणक असते, लवकर कुजत नाही. हॉवर्डसाहेबांनी ती शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली ती आपोआप चिरडली जाई. नवीन यंत्र नाही, जादा मजुरी नाही. आम्हांला या एका युक्तीचे मोठे कौतुक वाटते, कारण ज्याने ती शोधली त्याने गाडीवानाचे काम डोळे उघडे ठेवून पाहिले होते. इंदूरला मजुरांच्या कामाचे तास, वेळेवर पगार, राहण्याची सोय, औषधपाणी यांचाही विचार संस्थेच्या कामाचा भाग म्हणून केला होता. कुजवण्याची कृती सर्वांनी उचलली; हा दुसरा धडा मात्र इंदूरलाच राहिला.

हॉवर्ड पुढे विलायतेला परतले. १९४० साली त्यांचे मोठे पुस्तक निघाले. ते वाचून अमेरिकेतील जे. आय. रोडेल यांनी १९४२ साली सेंद्रिय शेतीचे मासिक काढले, आणि १९८० च्या दशकात त्यांचे पुत्र रॉबर्ट यांनी ‘पुनरुज्जीवक’ हा शब्द रूढ केला. म्हणजे साहेबाच्या वहीतून आपल्याच उकिरड्याची विद्या समुद्र ओलांडून गेली आणि आता प्रमाणपत्राच्या रूपाने परत येत आहे. असो.

मधल्या काळात आपण दुसऱ्या वाटेने चाललो. १९७० साली सुरतेहून एच-४ हा संकरित कापूस आला. खते, फवारे आणि उत्पन्न तिन्ही वाढली. १९७२ पासून सरकारने एकाधिकार खरेदी चालवली, ती २००२ पर्यंत टिकली. त्याच २००२ साली जालन्याच्या महिको कंपनीने अमेरिकेतील मॉन्सँटोबरोबर आणलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळी काही वर्षे दबली हे खरे. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु गुलाबी अळी पुढे त्याला सरावली, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यांत स्वतःचे शेत नसलेले, रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूर होते. ज्या घराण्याने बीटी आणले त्याच महिकोने पुढे अमेरिकेच्या इंडिगो कंपनीशी मिळून ‘ग्रो इंडिगो’ काढली, आणि ती आता शेतात साठलेल्या कर्बाच्या हिशेबाचे काम करते. याला कोणी ढोंग म्हणेल, कोणी पश्चात्ताप म्हणेल. आम्ही त्याला व्यापार म्हणतो. व्यापाराशी करार करताना रागही नको आणि लोभही नको.

आपल्या परिसरात या नव्या भागीदारीचे खरे उदाहरण म्हणजे अहमदाबादच्या अरविंद मिल्सचे. २००७ च्या सुमारास या गिरणीने अकोला जिल्ह्यात कास्तकारांचे गट करून सेंद्रिय कापसाचे काम सुरू केले. आत्महत्यांच्या बातम्यांनी वऱ्हाड गाजत होता ते हे दिवस. पलीकडे निमाडात स्वित्झर्लंडच्या रेमाई कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभापासूनच असा प्रयोग चालवला होता; त्यात नोंदलेल्या शेतकऱ्याला खरेदीची हमी आणि बाजारभावावर पंधरा टक्के जादा असा करार असे. व्होल्कार्टनंतर शंभरावर वर्षांनी स्विस माणूस पुन्हा कापसाला आला, आणि या वेळी भावाबरोबर खताचीही गोष्ट बोलला. पुढे २०१८ साली अमेरिकेच्या पॅटागोनिया कंपनीने अरविंद आणि पिथमपूरच्या प्रतिभा सिंटेक्स यांच्यामार्फत पुनरुज्जीवक सेंद्रिय कापसाचा प्रयोग भारतात सुरू केला. सरकारनेही २०१८ साली डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने जैविक शेतीचे अभियान अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांत चालू केले. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर तर कोणत्याही कंपनीचा हात न धरता देशी गाईच्या शेणामुतावर शेती सांगत होतेच. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

अडचणी नाहीत असे नाही. बीटी नसलेले चांगले बियाणे मिळवताना गटांची दमछाक होते. रसायने बंद केल्यावर पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न उतरते आणि प्रमाणपत्र तर त्यानंतर हाती येते. त्या मधल्या वर्षांची तूट कोणी सोसायची, यावर करार बहुधा मुका असतो. शिवाय कागदाला पाय फुटतात. २०२० साली भारतातील वीस हजार टन ‘सेंद्रिय’ कापसाची प्रमाणपत्रे खोटी निघाली. पकडणारी संस्थाही प्रमाणपत्रांचेच मानक ठरवणारी होती, एवढे तिच्या बाजूने म्हटले पाहिजे.

आम्हांला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते निंदणाविषयी. अमेरिकेत माती न उलथता शेती करतात, तेव्हा तण मारायला बरेचदा तणनाशक वापरतात. आपल्या सेंद्रिय गटात तणनाशक चालत नाही. मग तण जाते कसे? डवऱ्याने दोन ओळींमधले जाते आणि उरलेले बायांच्या खुरप्याने. शेणखत टोपल्यांनी वाहायचे, दशपर्णीचा पाला गोळा करायचा, अर्क ढवळायचा, पऱ्हाटी कापून कुजत घालायची, आणि वेचताना पालापाचोळा न लागू देता स्वच्छ कापूस वेचायचा. मातीत जो कर्ब वाढतो तो या हातांनी वाढतो. कंपनी जादा भाव देते तो क्विंटलमागे, आणि तो जातो सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याच्या खात्यात. वेचणीचा दर किलोवर, निंदणाचा रोजावर. दोन्ही गावच्या रिवाजाने.

दोन हिवाळ्यांमागे आपल्या तालुक्यातील एका गावी अशा गटाच्या सभेला आम्ही बसलो होतो. कंपनीचा तरुण माणूस मातीच्या तपासणीचे आकडे फार कळकळीने समजावून देत होता; मुलगा मनापासूनचा होता. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, “भाऊ, मातीतला कारबन मोजता तुमी, मंग निंदनाच्या बाया कोनत्या कागदावर मोजता?” सभा हसली. त्या मुलाने वही चाळली. त्यात शेताचा नकाशा होता, बियाण्याची पावती होती, खताची नोंद होती, लहान मुलांना कामाला लावले नाही अशी सहीही होती. निंदणाला किती बाया लागल्या हा रकाना नव्हता. त्याने तसे प्रांजळपणे सांगितले.

म्हातारे कास्तकार सभेनंतर आमच्याशी वाद घालू लागले. मजुरीच परवडत नाही म्हणून तर पोरं तणनाशकाकडे वळतात, तुम्ही मजुरी वाढवा म्हणता, मग सेंद्रिय करायचे कोणी? हा प्रश्न खोटा नाही. चार एकरांचा कास्तकार आणि त्याच्या धुऱ्यावर काम करणारी बाई यांची भांडणे लावून आम्हांला संघटना चालवायची नाही. म्हणूनच हा पैसा कास्तकाराच्या वाट्यातून न काढता खरेदीदाराच्या भावात वेगळा लिहिला जावा, असा आमचा आग्रह आहे. परदेशातल्या दुकानात ज्या सदऱ्यावर मातीची कहाणी छापतात, त्या सदऱ्याच्या किमतीत क्विंटलमागे निंदणाचा एक ठरीव आकडा बसणे अवघड नाही.

गेल्या हंगामाआधी आम्ही असा मजकूर तयार करून दोन गटांना दिला. निंदण व वेचणीच्या दिवसांची नोंद गटाच्या वहीत ठेवावी, खरेदीदाराने जादा भावाखेरीज मजुरीचा हिस्सा स्वतंत्र द्यावा आणि तो बायांच्या बचत गटाच्या खात्यात जमा व्हावा, एवढीच तीन कलमे. एका गटाने नोंदीचे कलम लगेच धरले आणि वहीत रकाना आखला. पैशाच्या कलमांवर खरेदीदाराचे उत्तर यायचे आहे. दुसऱ्या गटाची बैठक मृगाच्या आधी आहे.